चौथ्या कातीला निपचित पडलेल्या अळ्या

ताई, तुमचे प्रश्न दोन. चौथ्या कातीला रेशीमकिड्यांच्या अळ्या माना वर करून पडल्यात, पाल्याला तोंड लावत नाहीत, मग हा ग्रासरी (विषाणूमुळे होणारा) रोग तर नाही ना? आणि कातीची ही झोप जातीतूनच येते का?

रोग वाटत नाही. डोक्याच्या मागे कातडीखाली तपकिरी, तिकोनी ठिपका दिसला की समजा, आत नवं डोकं तयार होतंय. ग्रासरीची अळी फुगते, ट्रेच्या कडेकडेने सैरभैर फिरते, टोचली तर दुधासारखं पाणी सोडते. पडलेल्या अळीला मात्र हलवू नका. कातीला बसण्याआधी ती तोंडातून धागा सोडून पाय बेडला, म्हणजे खालच्या पाल्याच्या थराला, चिकटवून ठेवते. तो आधार सुटला तर जुनी कातडी निघताना अडकते. चुन्याची भुकटी मारा, बेड कोरडा ठेवा, हवा खेळती राहू द्या. ही कात सगळ्यात लांब, साधारण ३० तासांची. पहिल्या वर्षी मी अर्ध्या अळ्या कात टाकून उठल्याबरोबर पाला टाकला होता. पुढे कोष बांधायला काहींनी आज सुरुवात केली, काहींनी परवा. मजूर दोनदा लावावे लागले. ९५ टक्के उठल्याशिवाय पाला नको.

आता जातीचं. जपानीत कातीला 'मिन', म्हणजे झोपच म्हणतात. पण ही झोप किती वेळा यायची ते अळीच्या जनुकात लिहिलेलं असतं. तीन, चार किंवा पाच काती टाकणाऱ्या जाती आहेत आणि हा फरक एकाच जनुकाच्या तीन रूपांमुळे पडतो. तीनवालं रूप चारवाल्यावर भारी, चारवालं पाचवाल्यावर. आपल्या दुबार (वर्षात दोन पिढ्यांच्या) संकर जाती चारवाल्या. हे जनुक नेमकं कोणतं, ते २०२१ मध्ये जपानी संशोधक ताकाआकी दाइमोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. गंमत म्हणजे ते 'हॉक्स' घराण्यातलं निघालं, शरीराचा कोणता खंड काय बनणार ते ठरवणाऱ्या जनुकांतलं. त्याचं काम चालतं छातीतल्या ग्रंथीत, जिथून कात टाकायला लावणारं एकडायसोन निघतं. हे संप्रेरक १९५४ मध्ये पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळालं तेही रेशीमकिड्यांतूनच: कोषाच्या आतल्या ५०० किलो प्यूपांमधून जेमतेम २५ मिलिग्रॅम!

दुसरं एक जनुक बिघडलं की अळीच्या अंगात बाल-संप्रेरक, म्हणजे तिला अळीच ठेवणारं रसायन, नीट बनत नाही. मग ती दोन-तीन कातींतच घाईने कोष बांधते. कोष अगदी बारके.

माझ्या मते मात्र याला झोप म्हणणं सोयीपुरतंच. कातीत अळी थांबते, कारण अंगावरची कातडी बदलायचं काम चालू असतं. खरी झोप निराळी, आणि ती अळ्यांमध्ये असते हे फळमाशीवर सिद्ध झालंय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दुसऱ्या अवस्थेतल्या फळमाशीच्या अळ्यांची झोप मोजली. त्यांना जागं ठेवणारं मुख्य रसायन ऑक्टोपामाइन निघालं. मोठ्या माशीला जागं ठेवण्यात डोपामाइनचा मोठा वाटा असतो, अळीचं त्याच्यावाचून अडत नाही. आणि अळीची झोप मोडली की मेंदूतल्या मूळपेशींचं विभाजन मंदावतं.

उद्या सकाळी एका अळीचा जवळून फोटो टाका, मानेमागचा ठिपका स्पष्ट दिसेल असा.