‘आम्ही’ शिक्षिका होणार, म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. दहावीला आम्हाला 88 टक्के होते. डॉक्टर-इंजिनिअरच्या शर्यतीत आम्हाला पडायचं नाही. आम्ही बी.एससी., बी.एड. करून हायस्कूलला शिक्षिका व्हायचं ठरवलं आहे. अर्धा दिवस काम, भरपूर सुट्ट्या, समाजात मान, शिवाय मुलीच्या जातीला सुरक्षित. मुलगी अबोल आहे. प्रयोगशाळेत रमते, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. शाळेत लागली की येईल बोलायला. कोणता विषय घेतला तर नोकरी लवकर लागेल? – एक पालक

उत्तर : तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे, इथे त्याचा गाभा दिला आहे. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन ‘आम्ही’ आणि ‘आम्हाला’ मोजले. अकरा भरले. ‘ती म्हणते’ हे दोन शब्द मात्र कुठेच सापडले नाहीत.

विषयाचं आधी उरकून टाकतो. जो विषय ती परीक्षा नसतानाही उघडून बसते, तो घ्यावा. पदवी, बी.एड., पुढे पात्रता आणि भरतीच्या परीक्षा हा रस्ता तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे, त्यात मी भर घालत नाही.

मला खटकला तो ‘अर्धा दिवस’. मी स्वतः अकरा वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे हा शब्द वाचून आधी हसू आलं आणि मग थोडा रागही आला. घंटा झाली की मुलं घरी जातात. शिक्षक जातो तो वह्यांचा गठ्ठा घेऊन. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2018 साली 48 देश-प्रदेशांतल्या शिक्षकांची पाहणी केली. तिच्या सदस्य देशांतले माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी 39 तासांच्या आसपास काम करतात आणि त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं जेमतेम 20-21 तासांचं असतं, असं त्यात दिसलं. बाकीचा वेळ पाठांची टाचणं काढणं, पेपर तपासणं, हजेरीपट, निकालपत्रकं, पालकांच्या भेटी यांत जातो. कुणी रजेवर असलं की त्याचा बदली तास आपल्या गळ्यात पडतो, तो वेगळाच.

हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, आणि त्याला एक गमतीदार कारण आहे. इस्पितळात किंवा न्यायालयात आपण क्वचित जातो, म्हणून तिथलं काम आपल्याला कळत नाही हे आपण मान्य करतो. शाळेत मात्र प्रत्येक जण दहा-बारा वर्षं बसलेला असतो. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1975 साली हिशेब मांडला, की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या सहवासात काढतो. एवढे तास पाहिलेलं काम आपल्याला समजलंच असणार, असं कुणालाही वाटेल. पण ते पाहिलेलं असतं बाकावरून. उद्या ‘क’ तुकडीला हाच धडा वेगळ्या टोकाने सुरू करायला हवा, हे शिक्षक रात्री कसं ठरवतो, ते बाकावरून दिसत नाही. (एकच धडा चार तुकड्यांना शिकवायचा असला की पहिल्या तुकडीच्या वाट्याला बहुतेक वेळा सगळ्यात कच्चा तास येतो. माझ्या ‘अ’ तुकड्यांची मी मनोमन अनेकदा माफी मागितली आहे.) तिसऱ्या बाकावर रोज हसणारी मुलगी सोमवारपासून गप्प का आहे, हा प्रश्न बीजगणित शिकवता शिकवता डोक्यात घोळत असतो. तोही फळ्यावर उमटत नाही.

मग लोक या कामात टिकतात कशाने? सुट्ट्यांनी खचितच नाही. ओईसीडीच्या त्याच पाहणीत बहुसंख्य शिक्षकांनी स्थिर नोकरी आणि घरच्या वेळापत्रकाशी जुळणाऱ्या वेळा हीही कारणं सांगितली होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मुलांच्या जडणघडणीत आपला हात असावा, हे कारण दहापैकी नऊ जणांनी महत्त्वाचं मानलं. मी सवयीने प्रत्येक स्टाफरूममध्ये विचारतो, ‘इथे का थांबलात?’ मोठी उत्तरं फारशी मिळत नाहीत. गणिताच्या एक बाई म्हणाल्या, ‘ऋण गुणिले ऋण धन कसं, असं दरवर्षी कुणीतरी भांडून विचारतं. त्या भांडणासाठी मी जूनची वाट बघते.’ हायस्कूलचं वयच तसं आहे. सातवीपर्यंत मूल तुम्ही सांगता म्हणून मानतं, आठवी-नववीत ‘का मानू?’ विचारायला लागतं. काहींना तो उद्धटपणा वाटतो, काहींना मेजवानी. ज्यांना उद्धटपणा वाटतो त्यांनी या वाटेला जाऊच नये, त्यांचे हाल होतात आणि मुलांचेही.

आता तिच्या अबोलपणाबद्दल. तो तुम्ही दोष म्हणून लिहिला आहे आणि नोकरी म्हणजे त्यावरचं औषध, असा तुमचा सूर आहे. मला दोन्ही मान्य नाही. चांगला शिक्षक म्हणजे अखंड बोलणारा माणूस, हे कुणी ठरवलं? मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते आणि लगेच पुढे बोलत होते. तेच तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंदांची शांतता बडबड्या माणसाला खायला उठते. तुमच्या मुलीला कदाचित ती सहज झेपेल. म्हणजे अबोल आहे म्हणून ती शिकवू शकणार नाही, असं मी म्हणत नाही. शाळेत पाठवून तिला बोलकं करायचं, या बेताला माझा विरोध आहे. वर्गातली चाळीस मुलं तिच्या उपचारासाठी बसलेली नसतात.

आणि शाळा म्हणजे काही फक्त शिक्षक नव्हेत. तुमच्या पत्रात एकच वाक्य जिवंत होतं, ‘प्रयोगशाळेत रमते’. तेच तुम्ही घाईत ओलांडून गेलात. मी शिकवायचो तेव्हा आमच्याकडे एक प्रयोगशाळा सहायक होते. द्रावणं करणं, ब्युरेटच्या काचनळ्या धुणं, काचसामान मोजून परत ठेवणं, हे त्यांचं काम. कागदोपत्री त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही. पण अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून प्रमाण मोजायच्या प्रयोगात, शेवटच्या एका थेंबाने फिनॉल्फ्थेलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकला की ते मुलांच्या मागे उभे राहून हळूच म्हणायचे, ‘आता थांब.’ माझी व्याख्यानं विसरलेले विद्यार्थी आजही भेटले की त्यांचं ते ‘आता थांब’ आठवतात. आमचे क्लार्क वीस वर्षांपूर्वीच्या दाखल्याची नोंद रजिस्टर उघडून मिनिटात काढायचे आणि आलेल्या माणसाला वर त्याचा बाकही सांगायचे. ग्रंथपाल, समुपदेशक, शिपाई, प्रत्येकाचं मुलांशी वेगळं नातं असतं. पगार आणि बढती सगळीकडे सारखी नाही, हे उघड आहे आणि ते तिला स्पष्ट सांगायला हवं. प्रयोगशाळेचा ओढा तिला शाळेबाहेर, संशोधनाकडे किंवा तपासणी प्रयोगशाळांकडेही नेऊ शकेल. ‘शिक्षिका’ हा एकच डबा आधी जोडून गाडी सोडायची घाई कशाला?

बारावीची परीक्षा संपली की तिला दोन कामं करू द्या. ओळखीच्या मुख्याध्यापकांची परवानगी काढून तिने आठवडाभर एका शाळेत मागच्या बाकावर बसावं, आणि ऑफ तासाला स्टाफरूममध्ये, प्रयोगशाळेत, कार्यालयात. बाकावरून न दिसलेली शाळा तिथे थोडीफार दिसेल. दुसरं, नववीतल्या एखाद्या मुलाला तिने एकच संकल्पना समजावून सांगावी, त्याला ती कळेपर्यंत. तीन वेळा सांगूनही त्याला कळली नाही, तर चौथ्या वेळी तिला कंटाळा येतो की नवी युक्ती सुचते, एवढंच तिने स्वतःशी पाहावं. तुम्ही विचारायला जाऊ नका.

त्यानंतर मला पत्र लिहायचं असेल तर ते तिने लिहावं. चार ओळींचं चालेल. फक्त पाकीट बंद करण्याआधी तुम्ही ते वाचून दुरुस्त करू नका.