प्रत्यक्ष टेबलावर पोकर खेळताना अनोळखी लोकांशी किती बोलावं?

मोकळेपणाने बोला, वेळ भरपूर असतो. डीलर हाताने पत्ते पिसून वाटतो, त्यामुळे तासाला साधारण २५-३० डावच होतात आणि त्यातल्या बहुतेक डावांत तुम्ही पत्ते टाकून नुसते बसलेले असता. तो वेळ हेडफोन लावून घालवणं मला तरी पटत नाही; ऑनलाइन खेळात शेजारी माणूस नसतो, इथे असतो.

डाव चालू असताना मात्र जपून. टाकलेले पत्ते कोणते होते हे डाव संपेपर्यंत सांगायचं नाही, कारण त्याने अजून खेळणाऱ्यांचे अंदाज बदलतात. शेजाऱ्याला सल्लाही द्यायचा नाही. जिंकणारे पत्ते हातात असताना ते दाखवायला मुद्दाम उशीर करणं, म्हणजे स्लो रोल, लोकांना फार लागतं.

आणि कृपा करून, हरलेल्या नवख्याला त्याची चूक समजावत बसू नका. त्याचे पैसे नुकतेच गेलेले असतात, वर चारचौघांत शिकवणी कशाला? त्याने स्वतःहून विचारलं तर खेळ संपल्यावर बाजूला बसून जरूर सांगा.