पहिलीतल्या मुलीला वेशभूषा स्पर्धेत झाशीची राणी सोडून आणखी कोण करता येईल? पोशाख कसा करायचा?

तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, स्पर्धा ३ जानेवारीला आहे आणि वर्गातल्या निम्म्या मुली राणी लक्ष्मीबाई नाहीतर परी होणार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी सुचवेन की साडी नंतर ठरवा, आधी हातातली वस्तू ठरवा. नऊवारी, नथ, कुंकू एवढंच केलं तर जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई सगळ्या सारख्याच दिसतात. त्या बाईने जे काम केलं, त्यातली एखादी कृती मुलीच्या हातांनी झाली पाहिजे. नाहीतर ती नुसती सजून उभी राहते, आणि 'मुलीने छान दिसावं' एवढंच तिच्या लक्षात राहतं.

तारीख ३ जानेवारी आहे, म्हणजे सावित्रीबाईंची जयंती. तेव्हा त्याच करा, पण अशा करा: १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या एक जादा साडी सोबत ठेवायच्या. हाच प्रसंग स्टेजवर आणा. एका जुन्या पांढऱ्या ओढणीवर तपकिरी पोस्टर कलर पाण्यात कालवून चमच्याने शिंतोडे उडवा आणि रात्रभर वाळू द्या. ओली राहिली तर खालच्या साडीला डाग लागतील. रंगात फेविकॉल घालू नका, डाग कडक होऊन त्याचे पोपडे पडतात. मुलगी ती ओढणी पांघरून येईल, खांद्यावरून काढून घडी घालेल, कापडी पिशवीतली स्वच्छ ओढणी घेईल आणि मग पाटी हातात धरेल. याला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. घरी चार-पाच वेळा करून घ्या. घाईत ओढणी बांगड्यांत अडकते, म्हणून हातात एकेकच बांगडी ठेवा.

खरी नऊवारी या वयाला पेलत नाही. आईची मऊ, सुती पाचवारी पुरते. मुलीच्या कमरेपासून घोट्यापर्यंत माप घ्या, त्यात खोचायला तीन इंच धरा आणि उरलेला पन्हा आत दुमडून इस्त्री करा. आत लेगिंग घालायची, कमरेला नाडी बांधायची आणि साडी नाडीत खोचायची. काष्टा घालताना तिला पाय फाकवून उभं करा. पाय जुळवून घातला तर स्टेजची पहिली पायरी चढतानाच मागून सुटतो. काष्ट्याला मागे दोन टाके घाला, पिन नको, कारण बसल्यावर ती टोचते. टाके घालायच्या आधी एकदा बाथरूमला नेऊन आणा. पदर खांद्यावर आतून एका सेफ्टी पिनने ब्लाउजला लावला की झालं.

आणि एक कळकळीची विनंती: गावातली किंवा कष्टकरी बाई दाखवायला चेहऱ्याला काळा रंग फासू नका, आणि पावडरचा थरही नको. मुलीचा आहे तोच रंग सावित्रीबाईंचा.

साडी नकोच असेल तर कमला सोहोनी घ्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९३३ साली केवळ बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला आणि पुढे केंब्रिजला पीएचडी केली. बाबांचा जुना पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत कापून शिवलेल्या, खिशाला पेन. पुढे त्यांनी नीरेवर, म्हणजे ताडा-माडाच्या गोड रसावर, संशोधन केलं, म्हणून हातात प्लॅस्टिकची बाटली आणि ड्रॉपर द्या. बाटलीत थेंब टाकून, हलवून, प्रकाशात धरून बघायचं. मुलींना हे फार आवडतं.

राहीबाई पोपेरेही छान. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बीजमातेने गावरान बियाणं जपलं, आणि त्यांना पद्मश्री मिळाली. वाल, घेवडा, नाचणी, भात असे चार छोटे डबे पुरतात. डबे काचेचे नकोत, आणि झाकणांना टेप लावा, कारण लहान मुलं दाणे नाकात घालतात.

पळायची आवड असेल तर स्मृती मानधना. निळी जर्सी, पाठीवर १८. ती डावखुरी खेळते, तेव्हा उभं राहताना उजवा खांदा बोलरकडे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, त्या सामन्याची क्षणचित्रं मुलीला आधी दाखवा. कुणाची नक्कल करायची ते डोळ्यांनी पाहिलेलं असलं की उभं राहणंच बदलतं.

तीन मैत्रिणी मिळून भाग घेणार असतील तर १८८५ चा एक फोटो शोधा: फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या ताबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींच्या गळ्यात एकेक स्टेथोस्कोप घाला.

भाषण चारच वाक्यांचं. 'माझा जन्म अमुक गावी, अमुक साली झाला' याने सुरुवात केली की मूल सालापाशीच अडखळतं आणि पुढचं सगळं विसरतं. कामापासून सुरुवात करा: 'मी मुलींना शिकवते. लोक माझ्यावर चिखल फेकतात. मी साडी बदलते. आणि पुन्हा शिकवते.' नाव शिक्षिका सांगतीलच. मधेच शब्द विसरली तरी हात ओढणीची घडी घालत राहतात, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य आठवतं.