तुम्ही नसलात तरी सुटणारी बोट

प्रश्न : आम्ही दोघे, वय ६७ आणि ६३. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलगी आम्हाला परदेशात बोटीच्या प्रवासाला पाठवते आहे. ह्यांना मोठी क्रूझ हवी आहे. मला मात्र बोट लागते, शिवाय गुडघे दुखतात. काय निवडावे?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : ताई, बोट मलाही लागायची. आजोळ वेंगुर्ल्याचे. दर मे महिन्यात बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मग भाऊचा धक्का आणि तिथून कोकणची आगबोट. डेकवर सतरंजी अंथरून झोपायचे आणि मळमळले की आईने हातात दिलेले लिंबू हुंगत पडायचे. वेंगुर्ल्याला बोट बाहेर समुद्रातच उभी राही आणि पडावातून किनाऱ्याला जावे लागे. त्या पडावात माझ्या शेजारी कधी शिलाई मशीन असे, कधी कोंबड्यांची टोपली. एकदा तर मुंडावळ्या बांधलेली नवरी होती. तेव्हा जे मत झाले ते पुढे पाच-सहा देश फिरूनही बदललेले नाही : तुम्ही नसलात तरी सुटली असती, अशी बोट निवडावी. टपाल नेणारी, भाजी नेणारी, शाळेतून सुटलेली मुले घरी सोडणारी. तिच्या खिडकीतून नुसता देखावा दिसत नाही, त्या देखाव्यात राहणारी माणसेही चढता-उतरताना भेटतात.

अशा बोटींची थोरली बहीण नॉर्वेत आहे. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर पत्र पोहोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच-पाच महिने लागत. १८९३ मध्ये रिचर्ड विथ या कप्तानाने ट्रोंडहाइम ते हामरफेस्ट अशी नेमाची आगबोट सुरू केली. काळोखात, खडकांमधून, घड्याळ आणि होकायंत्रावर भरवसा ठेवून. आज तीच सेवा बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत चालते आणि वाटेत ३४ बंदरे घेते. जाऊन-येऊन १२ दिवस. काही बंदरांत बोट जेमतेम पंधरा मिनिटे थांबते. मी एकदा रात्री दोनला डेकवर उभी होते. सूर्य मावळलेलाच नव्हता. धक्क्यावर एक बाई सायकल धरून उभी होती. बोटीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले, तिने त्यांची पिशवी सायकलला अडकवली आणि दोघे चालू लागले. डोंगर विसरेन, हे विसरणार नाही.

पण तुमच्यासाठी अख्खा प्रवास मी सुचवणार नाही. खर्च फार, आणि बुडे बंदर सोडून लोफोटेन बेटांकडे निघाले की वेस्टफ्योर्डचे उघडे पाणी लागते. तिथे भल्याभल्यांना आडवे पडावे लागते. नॉर्वेच हवे असेल तर बर्गेनहून आगगाडी आणि बसने गुडवांगेनला जा आणि तिथून बोटीने फ्लोमला. दोनच तास. हा नेरॉयफ्योर्ड, एके ठिकाणी अवघा २५० मीटर रुंद. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली खाडी. दोन्ही बाजूंना कडे, त्यावरून पडणारे धबधबे आणि मधे विहिरीसारखे शांत पाणी. समुद्राची लाट इथवर पोहोचतच नाही. युनेस्कोने २००५ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतले.

खरे सांगू? तुम्ही नाईलवर जा. लक्सर ते आस्वान, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. बोट लागण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच, आणि केबिन, जेवण, वरचा डेक सगळे असल्यामुळे ह्यांच्या क्रूझची हौसही फिटेल. ही बोट टपाल नेत नाही हे कबूल, पण नदी अजून कामाची आहे. काठाने गाढवावरून ऊस चाललेला असतो, बायका भांडी घासत असतात. एस्ना गावाच्या जलपाशात, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट पलीकडे नेणाऱ्या बंदिस्त कप्प्यात, बोट थांबली की फेरीवाले लहान होड्यांतून येतात, चादरी-झब्बे पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर फेकतात आणि खालूनच भाव करतात. मंगळबाजारात वाढलेल्या बाईला हे शिकवावे लागणार नाही.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. म्हणून शीड उभारले की वरच्या अंगाला जाता येते आणि शीड उतरवले की प्रवाह खाली नेतो. जुन्या इजिप्तच्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' हे शीड लावलेल्या होडीने दाखवतात आणि 'उत्तरेला जाणे' शीड उतरवलेल्या. वाटेत कोम ओम्बोला मगरीच्या तोंडाच्या सोबेक देवाचे देऊळ आहे, शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहत आणि मगरीवर बसलेल्या खोडियार मातेला हात जोडत आपण मोठे झालो. तिथे मला परके वाटलेच नाही. गुडघ्यांसाठी एवढेच : देवळे सकाळी लवकर बघा, आणि सगळी बघायलाच हवीत असे नाही.

बोट लागते ती डोळे आणि कान यांचे जमत नाही म्हणून. केबिनमध्ये डोळ्यांना सगळे स्थिर दिसते आणि आतल्या कानाला हेलकावा कळतो. म्हणून बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा, नाहीतर बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा. वाचू नका. पोट रिकामे ठेवू नका. खाकरा आणि आलेपाक चालेल. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यावी लागते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्याआधी घरच्याघरी परीक्षा करा : सुरतेजवळच्या हजिऱ्याहून खंभातच्या आखातापलीकडच्या घोघ्याला फेरीबोट जाते. रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०. चारेक तासांत तुमचे तुम्हाला कळेल.

प्रश्न : पहिली नोकरी, पैसे कमी. पण बोटीने फिरायचेच आहे.
— एक वाचक, फतेहगंज

उत्तर : मग तू नशीबवान आहेस, कारण जगातल्या फार सुंदर बोटी रोजच्या तिकिटाच्या आहेत. इस्तंबूलला साध्या फेरीबोटीने वीस-पंचवीस मिनिटांत युरोपातून आशियात जाता येते. हातात मधे कंबरेसारखा बारीक असलेला चहाचा पेला, मागे सीगल पक्षी. हाँगकाँगची स्टार फेरी १८८८ पासून चालते आहे. पण सुरुवात केरळातल्या अलप्पुळा ते कोट्टयमच्या सरकारी बोटीने कर. अडीच तास, वेंबनाड तलावातून, आणि बांधापलीकडची भातशेती पाण्याच्या पातळीच्याही खाली. हाउसबोटीचे भाडे बघून निराश होऊ नकोस.

प्रश्न : हरणी तलावाच्या घटनेपासून मी मुलाला, वय ९, कुठल्याच बोटीत बसू देत नाही. तो विचारतो, कधी?
— एक आई, वडोदरा

उत्तर : १८ जानेवारी २०२४ ला त्या तलावात बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तुमची भीती वाजवी आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण पाण्यापेक्षा त्या दोन गोष्टींना घाबरा. बोटीवर लिहिलेली क्षमता वाचा आणि माणसे स्वतः मोजा. जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळले का ते बघा, मग खांद्याशी धरून वर ओढा. हनुवटीच्या वर आले तर ते त्याला मोठे आहे, पाण्यात निघून जाईल.

मागच्या हिवाळ्यात नर्मदेच्या एका घाटावर माझ्या नातीचे जॅकेट असेच कानापर्यंत आले. आम्ही उतरलो. नावाडी चिडला, मागची माणसेही कुरकुरली. मी म्हटले, लहान जॅकेट आणा, आम्ही थांबतो. वीस मिनिटांनी त्याने कुठूनतरी आणले. ते बरोबर बसले, आणि मग आम्ही गेलो.