लिंबूवर्गीय फळांच्या पाकातल्या चकत्या आणि एअर फ्रायर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी संत्र्याच्या चकत्या कापून त्यांवर भरपूर साखर भुरभुरली आणि त्या एअर फ्रायरमध्ये १८० अंश सेल्सिअसवर २० मिनिटे ठेवल्या. कडा काळ्या पडल्या, मधला भाग ओलाच राहिला आणि साल इतकी कडू लागली की कोणी दुसरा घास घेतला नाही. माझे नेमके कुठे चुकले?

उत्तर : तुम्ही यंत्राकडून त्याचे नसलेले काम करून घ्यायला गेलात. एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी कॉइल आणि तिची उष्णता जोराने खाली फेकणारा पंखा. पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडवून लावणे हे त्याचे काम, आणि ते तो उत्तम करतो. साखर फळाच्या आत शिरवणे मात्र त्याला जमत नाही, कारण त्यासाठी पाणी, वेळ आणि मंद आच या तिन्ही गोष्टी लागतात. फळ पाकाच्या पातेल्यात मुरते. एअर फ्रायर फक्त ते सुकवतो. हे एकदा ध्यानात घेतले की तुमच्या तिन्ही तक्रारींचे कारण उलगडते.

कच्च्या चकतीवरची कोरडी साखर फळाच्या रसात विरघळते आणि आत मुरण्याऐवजी जाळीतून खाली ठिबकते. मधल्या गरात पाणी आहे तोवर तो भाग १०० अंशांच्या वर फारसा जात नाही. पातळ कडेतले पाणी मात्र लवकर संपते आणि ती कड थेट हवेच्या तापमानाला पोहोचते. साधी साखर साधारण १६० अंशांपासून तपकिरी होऊ लागते, पण फळाच्या आंबटपणामुळे तिचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच तपकिरी होऊ लागते. म्हणून १८० अंशांवर कड काळी पडणे अटळ होते. राहिला कडवटपणा, तर त्याचे मूळ सालीखालच्या पांढऱ्या थरात आणि बियांत असते, आणि ते काढायला फळ आधी पाण्यात उकळावेच लागते.

आता रीत सांगतो. शक्यतो घट्ट सालीचे फळ घ्यावे, कारण सैल सालीच्या संत्र्याची चकती कापताच साल आणि गर वेगळे होतात. अशा फळाच्या सालीच्या पट्ट्याच करणे चांगले. फळावर मेणाचा लेप असू शकतो, म्हणून ते गरम पाण्यात ब्रशने घासून धुवावे, मग ५ मिलिमीटर जाडीच्या सारख्या चकत्या कापून सुरीच्या टोकाने बिया काढाव्यात. चकत्या उकळत्या पाण्यात ३–४ मिनिटे ठेवून ते पाणी टाकून द्यावे. दोन मध्यम फळांसाठी ५०० ग्रॅम साखर आणि ५०० मिलिलिटर पाणी रुंद, स्टीलच्या पातेल्यात विरघळवावे (ॲल्युमिनियम आंबट फळाला नको), त्यात चकत्या शक्यतो एकाच थरात सोडाव्यात आणि पाक जेमतेम हलत राहील इतक्या मंद आचेवर ४५ मिनिटे ते तासभर शिजू द्याव्यात. खळखळ उकळी आली तर गर सुटून पाकात विरघळतो आणि हातात नुसती कडी उरते.

या तासाभरात पातेल्याकडे लक्ष देऊन पाहावे. सुरुवातीला पांढरा थर खडूसारखा अपारदर्शक दिसतो, कारण तो स्पंजासारखा असून त्यात हवा भरलेली असते. हळूहळू हवा बाहेर पडते, तिची जागा पाक घेतो आणि तो थर बाहेरच्या कडेकडून आत काचेसारखा होत जातो. पांढरेपणाची शेवटची रेघ नाहीशी झाली की आच बंद करावी आणि चकत्या त्याच पाकात रात्रभर राहू द्याव्यात. हा विसावा गाळू नये असे माझे ठाम मत आहे: निवताना साखर आत शिरत राहते आणि चकती आक्रसत नाही, तर फुगीर राहते.

दुसऱ्या दिवशी चकत्या जाळीवर तासभर निथळू द्याव्यात आणि मगच एअर फ्रायर लावावा. यंत्रात सुकवण्याची सोय असेल तर ६० अंशांवर २–३ तास, नसेल तर ८० अंशांवर साधारण तासभर, दर २० मिनिटांनी उलटवत. यंत्रायंत्रांत फरक असतो, म्हणून घड्याळापेक्षा चकतीवर भिस्त ठेवावी. एक चकती बाहेर काढून ५ मिनिटे निवू द्यावी. ती न मोडता वाकली आणि बोटाला पाक लागला नाही, की झाले. गरम चकती नेहमी मऊच वाटते, त्या भरवशावर आणखी वेळ दिला तर निवल्यावर ती दगड होते.

प्रश्न : पाण्यात एकदाच उकळणे पुरते का? आणि ग्रेपफ्रूटच्या चकत्या फार कडू होतात, त्यावर उपाय काय?

उत्तर : पातळ सालीच्या लिंबाला आणि गोड संत्र्याला एकदा पुरते, जाड सालीच्या लिंबाला दोनदा. ग्रेपफ्रूट आणि पपनसाचा कडवटपणा प्रामुख्याने नारिंजिन नावाच्या द्रव्यामुळे असतो आणि ते थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कितीतरी अधिक विरघळते. म्हणून तीनदा, दर वेळी नवे पाणी घेऊन उकळावे. तेच पाणी पुन्हा वापरले तर काढलेला कडूपणा परत फळातच जातो. मात्र सगळा कडवटपणा काढून टाकण्याच्या मागे लागू नये. तो थोडा राहिला तरच एवढ्या गोडाला चव येते.

प्रश्न : एअर फ्रायर चालू केला की बेकिंग पेपर आणि चकत्या उडून वर जातात. हे धोक्याचे आहे का?

उत्तर : हो. कागद कॉइलला टेकला तर पेट घेऊ शकतो, म्हणून रिकामे यंत्र तापवताना आत नुसता कागद कधीही ठेवू नये. खरे तर या चकत्यांना खालूनही हवा लागते, त्यामुळे कागदाऐवजी त्या थेट जाळीवर एका थरात मांडून वर यंत्रासोबतची धातूची जाळी पालथी ठेवणे उत्तम. जाळीला चिकटलेला पाक खरवडू नये. गरम पाण्यात भिजवला की साखर आपोआप विरघळते आणि नॉनस्टिक लेपही शाबूत राहतो.

प्रश्न : सुकवलेल्या चकत्या साखरेत घोळवल्या, पण दुसऱ्या दिवशी साखर वितळून सगळे चिकट झाले. असे का होते?

उत्तर : चकत्या आतून ओलसर असताना किंवा गरम असतानाच घोळवल्या गेल्या असाव्यात. पूर्ण निवलेली, हाताला किंचित चिकट पण ओली नसलेली चकतीच साखर धरून ठेवते. एअर फ्रायरमधून काढल्यावर त्या रात्रभर जाळीवर उघड्या ठेवून मग घोळवाव्यात. हवा दमट असेल तर साखरेचा नाद सोडून चकत्या थरांमध्ये बेकिंग पेपर घालून हवाबंद बरणीत ठेवाव्यात. नीट सुकलेल्या चकत्या तीन-चार आठवडे टिकतात. एकीवरही बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाकून द्यावी.

प्रश्न : साखर निम्मी करता येईल का? किंवा गूळ, मध, साखरेचा पर्याय?

उत्तर : येथे साखर केवळ गोडीसाठी नसते, ती फळातल्या पाण्याला बांधून ठेवते, म्हणूनच चकती टिकते आणि मऊ राहते. साखर निम्मी केली तर चकती आक्रसते आणि फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावी लागते. गूळ आणि मध हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे चकत्या चिकटच राहतात. एरिथ्रिटॉल या साखरेच्या पर्यायाचा पाक निवताना खडे धरतो. साखर नकोच असेल, तर बिनसाखरेच्या पातळ चकत्या ६० अंशांवर कुरकुरीत सुकवाव्यात. तो वेगळा पदार्थ आहे आणि गरम पाण्यात टाकून पिण्यासाठी छान लागतो.

प्रश्न : उरलेल्या पाकाचे काय करावे?

उत्तर : तो गाळून फ्रिजमध्ये ठेवावा. फळातले पेक्टिन त्यात उतरलेले असते, त्यामुळे तो जेलीसारखा थिजला तर बिघडला असे समजू नये. सरबतात तो साखरेऐवजी घालता येतो. पुढच्या चकत्यांसाठी एकदा पुन्हा वापरायलाही हरकत नाही. फक्त आटल्याने तो दाट झालेला असतो, म्हणून चकत्या सोडण्यापूर्वी पाणी घालून पहिल्याइतका पातळ करून उकळून घ्यावा, नाहीतर दाट पाक फळातले पाणी झपाट्याने ओढून घेतो आणि चकत्या चिवट होतात.