आधीच्या औषधांमुळे मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो का?

तुमचे वडील ७१ वर्षांचे, सहा महिन्यांपासून हात थरथरतात, चाल मंदावली आहे, डॉक्टरांनी कंपवात (पार्किन्सन्स) सांगितलाय. आणि 'हे आधीच्या औषधांमुळे झालं असेल' असं एक नातेवाईक बोलून गेल्यापासून तुमची झोप उडाली आहे. असं खरंच होतं का आणि झालं तर कायमचं असतं का, हा तुमचा प्रश्न.

होतं. आमच्या घरी झालं. मी डॉक्टर नाही, नाशिकला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. पण आईच्या पायी दीड वर्ष या एकाच गोष्टीच्या मागे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई पंचवटीत भावाकडे असते. वय ६६. सकाळी गंगेवर जाऊन यायचं आणि येताना भाजी आणायची हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. (बाहेरगावच्यांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) तीन वर्षांपूर्वी तिला जेवण झालं की जळजळ, पोट गच्च, करपट ढेकर असं सुरू झालं. डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. आठवड्यात आराम पडला. बंद केल्यावर त्रास परत आला, तेव्हा भावाने रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून तीच कॅप्सूल आणली. पुढच्या महिन्यात पुन्हा आणली. असे चौदा महिने गेले. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ऍसिडिटीची गोळी ती, तिला औषध कोण म्हणतं?

आई हळूहळू गप्प होत गेली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. माझ्या मुलाने एकदा विचारलं, "आजी आपल्यावर रागावलीय का?" खुर्चीतून उठताना तिला दोन-तीनदा झोका घ्यावा लागायचा, घाटाच्या पायऱ्या उतरायची भीती वाटायला लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. मग दोन्ही हातांना कंप सुटला, उजव्याला जास्त. मध्येच चक्कर येते म्हणाली म्हणून आणखी एक गोळी वाढली, सिनारिझिनची. तिचाही यात वाटा होता, हे पुढे कळलं.

एक पुरावा मात्र भिंतीवरच होता. आई कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहिते. अजून जुन्या पद्धतीने, दीड लिटरला १॥ असं. नंतर कधीतरी मी मागची पानं उलटली, तर उन्हाळ्यात चौकोन भरून असलेला आकडा दिवाळीपर्यंत मुंगीएवढा झाला होता. शेजारच्या दोन उभ्या रेघाही एकमेकींत मिसळलेल्या. अक्षर बारीक होत जाणं हे कंपवाताचं अगदी ओळखीचं लक्षण आहे आणि ते रोज आमच्या डोळ्यांसमोर होतं.

पहिल्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून त्यावरचं नेहमीचं औषध, लेव्होडोपा, सुरू केलं. तीन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही. मग दुसऱ्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या पट्ट्यासुद्धा." त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली, एकेक पट्टी उलटून मागची बारीक अक्षरं वाचली आणि दोन पट्ट्या बाजूला काढल्या. ऍसिडिटीची आणि चक्करेची. आईला डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड हुंगायला दिली, तिने वास लगेच ओळखला. खऱ्या कंपवातात बहुतेकांची वासाची जाणीव आधीच कमी झालेली असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आईच्या कॅप्सूलमध्ये दोन घटक होते. रॅबेप्रॅझोल आम्ल कमी करतं, त्याचा या कंपाशी संबंध नाही. दुसरा घटक लेव्होसल्पिराईड. डोपामिन हे शरीरात निरोप पोचवणारं रसायन, मेंदूत ते हालचालींवर ताबा ठेवतं. पोटा-आतड्यांत ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा (ग्राही) असतात, त्या अडवल्या की जठर लवकर रिकामं होतं आणि पोट हलकं वाटतं, म्हणून ते गॅसच्या कॅप्सूलमध्ये घालतात. पण हे मूळचं मानसिक आजारांवरच्या औषधांच्या कुळातलं आहे आणि रक्तातून मेंदूत शिरतं. तिथेही ते तेच करतं, डोपामिनची जागा अडवून बसतं.

मला हे गंगापूर धरणावरून समजलं, तसंच सांगते. खऱ्या कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात, म्हणजे धरणातलं पाणी आटतं. औषधाने होणाऱ्या प्रकारात धरण भरलेलं असतं, पण शेताच्या तोंडाशी कालव्याचं दार पाडलेलं असतं. दार बंद ठेवून धरणातून कितीही पाणी सोडा, शेत कोरडंच राहणार. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिनच बनतं, म्हणजे ते धरणात पाणी भरतं. त्याचा आईला उपयोग झाला नाही तो यामुळे. ट्रोडॅट नावाचा एक स्कॅन असतो, त्यात हे धरण भरलेलं आहे की आटलंय ते दिसतं. औषधाने झालेल्या प्रकारात तो सहसा नॉर्मल येतो. निदान अडलं तर डॉक्टर तो सांगतात, आम्हाला करावा लागला नाही.

ही काही नवी गोष्ट नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. क्लोरप्रोमाझिन हे याच तऱ्हेने काम करणारं औषध १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना पहिल्यांदा दिलं गेलं आणि थोड्याच वर्षांत त्याने कंपवातासारखी लक्षणं येतात हे डॉक्टरांना दिसलं होतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये सगळ्यात कडक इशारा दिला की ते १२ आठवड्यांपेक्षा जास्त देणं टाळा. युरोपने २०१३ मध्ये ते ५ दिवसांवर आणलं. लेव्होसल्पिराईडला तर अमेरिकेत मंजुरीच नाही. आणि आमच्या घरी ते चौदा महिने चहाच्या आधी घेतलं जात होतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर वडिलांच्या सगळ्या पट्ट्या उलट्या करा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने दिलेलं असतं, ते सोडून द्या, खालचे घटक वाचा. लेव्होसल्पिराईड, मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी दिलेलं सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीसाठी दिलेलं फ्लुनारिझिन, यातलं काही सापडलं तर नाव आणि कधीपासून चालू आहे ते कागदावर लिहा. फिटसाठीच्या व्हॅल्प्रोएटनेही हात थरथरतात. सहा महिन्यांपूर्वी काय चालू होतं तेही आठवा, कारण लक्षणं लगेच येत नाहीत, आठवड्या-महिन्यांनी येतात. कॅप्सूलच्या नावामागे 'डीएसआर' असेल तर सहसा त्यात डॉमपेरिडोन असतं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण वयस्कर माणसांत हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, त्यामुळे मनानेच अदलाबदल नको.

आणि कृपा करून काहीही एकदम बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. वडिलांना मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर ते हलवायचा निर्णय फक्त मानसोपचारतज्ज्ञांचा. तुमचं काम यादी करून डॉक्टरांसमोर ठेवणं, "यातल्या कशामुळे हे झालं असेल का?" असं स्पष्ट विचारणं. बरे डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत. कंप थांबवायला कुणी ट्रायहेक्सीफेनिडिल दिलं असेल तर तेही विचारा. त्याने म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो, विसराळूपणा वाढतो.

आता कायमचं की कसं. बहुतेकांचं औषध थांबल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कमी होतं, कधी सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. काहींचं जात नाही, कारण खरा कंपवात आतल्या आत सुरू झालेला असतो आणि औषधाने तो लवकर उघडा पाडलेला असतो. आणखी एक प्रकार आहे, जो औषध थांबवल्यावरही राहू शकतो: तोंडाच्या, जिभेच्या, ओठांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली. आईचा हात बरा झाला, चाल बरी झाली, पण ओठ अजून चाळवतात, काही चघळत असल्यासारखे. तिला ते कळतही नाही. ती पुन्हा गंगेवर जायला लागली तेव्हा घाटावरच्या बायका मला म्हणाल्या, "तुझी आई सारखी नामजप करत असते." मी काही बोलले नाही.

तुम्ही प्रश्नात 'केमो, रेडिएशननेही असं होतं का' असंही विचारलंय. केमोनंतर अनेकांना लक्ष लागत नाही, शब्द आठवत नाहीत. बऱ्याच जणांचं ते काळाने सुधारतं, काहींचं रेंगाळतं. मेंदूला दिलेल्या रेडिएशनने स्मरणशक्तीवर वर्षांनंतरही परिणाम होऊ शकतो. पण तिथे समोर कॅन्सर असतो, डॉक्टर बसून समजावतात, आपण सही करून तो धोका पत्करतो. त्या भीतीने कुणी केमो नाकारू नये असं मला मनापासून वाटतं. ढेकर येतात म्हणून घेतलेल्या कॅप्सूलची किंमत मात्र आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती.

वडिलांच्या यादीत असं काही निघालं आणि डॉक्टरांनी ते थांबवलं, तर पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नका. आम्हालाही दिसला नव्हता. दोन महिन्यांनी भाऊ कालनिर्णयाचं पान उलटत होता आणि त्याने मला फोटो पाठवला. त्या आठवड्याच्या १॥ मधल्या दोन्ही रेघा वेगवेगळ्या ओळखू येत होत्या.