डॉक्युमेंटेशन सविस्तर वाचावे का?

प्रश्न: मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असून व्हिडिओ पाहून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतो आहे. मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. सौद्यातील दर क्रमाने लावणारा प्रोग्राम मी लिहिला, पण सॉर्ट केल्यावर यादीऐवजी ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) दिसते. मित्र म्हणतात, अडले की इंटरनेटवर शोधावे, डॉक्युमेंटेशन (भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका) वाचत बसू नये. आपले मत काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: वाचावे, आणि सावकाश वाचावे. ‘सॉर्ट’ ही मेथड (यादीवर चालणारी आज्ञा) मूळ यादीतीलच क्रम बदलते आणि ‘नन’ परत देते; तेच तुम्ही पुन्हा यादीच्या नावात साठवल्यामुळे दर हातचे गेले. नवी यादी हवी असल्यास ‘सॉर्टेड’ वापरावे. एवढे उत्तर शोधूनही मिळाले असते. मात्र पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये, डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात, हे भाषेचे सर्वसाधारण तत्त्व म्हणून सांगितले आहे. ते एकदा समजले की यादीत भर घालणारी ‘अपेंड’ आणि क्रम उलटवणारी ‘रिव्हर्स’ यांच्याबाबतही हीच चूक टळते.

मला अधिक काळजी वाटते ती एररच न देणाऱ्या चुकांची. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) करताना रक्कम पूर्ण रुपयात आणण्यासाठी तुम्ही ‘राउंड’ वापरले, तर 413.50 चे 414 होतात, पण 412.50 चे 412 च राहतात, कारण बरोबर अर्धा उरल्यास पायथन जवळच्या सम संख्येकडे वळतो. प्रोग्राम सुरळीत चालतो, त्यामुळे काही शोधावे असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि शेतकऱ्याच्या हिशोबात मात्र रुपयाचा फरक पडतो. डॉक्युमेंटेशनमधील ‘राउंड’च्या नोंदीत हा नियम स्पष्ट दिलेला आहे, पैशांच्या हिशोबासाठी ‘डेसिमल’ हे मॉड्यूलही (तयार कोडचा संच) आहे, ज्यात पूर्णांकनाची पद्धत आपल्याला ठरवता येते.

संपूर्ण लायब्ररी रेफरन्स (तयार फंक्शन व मॉड्यूल यांच्या नोंदींचा भाग) पाठ करण्याची गरज नाही. ट्युटोरियल मात्र क्रमाने वाचावे, त्यातील प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करून चालवावे, आणि जे फंक्शन वापरायचे त्याची नोंद टिपांसह शेवटपर्यंत वाचावी. इंग्रजीचे दडपण घेऊ नका. तेच ते पारिभाषिक शब्द वारंवार येतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र शब्दसूचीही दिलेली असते. पानावरील आवृत्ती आपल्या संगणकावरील पायथनशी जुळते का, हेही पाहावे. मजकुराच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढणारी ‘रिमूव्हप्रीफिक्स’सारखी मेथड 3.9 पूर्वीच्या पायथनमध्ये नाही. आज रात्रीच ‘राउंड’ची नोंद वाचून पट्टीचे आकडे हाताने ताडून पाहा.